जुनी गाडी घेताना आणि गाडीतील बिघाड ओळखताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी गाडी पाहायला जाताना सर्वांत महत्त्वाची काळजी कोणती?

गाडी थंड असताना पाहावी. विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. तेथे पोहोचल्यावर बोलणे सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर तळहात ठेवावा. बॉनेट कोमट लागले तर गाडी आधीच चालू करून ठेवलेली आहे असे समजावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येण्याची तयारी ठेवावी. हा हट्ट नव्हे. दुबळी बॅटरी, झिजलेला सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर), टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा) खडखडाट आणि पहिल्या झटक्यात सायलेन्सरमधून निघणारा निळसर धूर हे दोष रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत पहिल्या अर्ध्या मिनिटात दिसतात आणि इंजिन गरम झाले की त्यांतले निम्मे लपतात.

चालू करण्यापूर्वी डिपस्टिक (ऑइल मोजण्याची पट्टी) काढून ऑइलची पातळी पाहावी आणि ऑइल भरण्याच्या टोपणाची आतली बाजूही पाहावी. तेथे दुधी, लोण्यासारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्याची शंका घ्यावी. पावसाळ्यात, केवळ जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत वाफेमुळे पातळ थर येऊ शकतो. पण डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ असेल तर शंकेला जागा उरत नाही. त्यानंतर इंजिन चालू असताना ते टोपण सैल करून पाहावे. तेथून धूर जोराने भक्‌भक् बाहेर येत असेल तर मिस्त्री ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात तो प्रकार आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि इंजिनचे मोठे काम जवळ आले आहे.

सायलेन्सरमधून येणाऱ्या धुराच्या रंगावरून काय कळते?

निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. सकाळी चालू करताना क्षणभर येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात. वेग घेताना सतत येत असेल तर रिंगा, आणि टर्बो असलेल्या गाडीत टर्बोसुद्धा, तपासावा लागतो. काळा धूर म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही. त्यामागे चोंदलेल्या एअर फिल्टरपासून खराब इंजेक्टरपर्यंत अनेक कारणे असतात आणि त्यांतील काही स्वस्तात निघतात. पांढरा धूर थंडीच्या सकाळी मिनिट-दोन मिनिटे दिसला तर ती नुसती वाफ असते. इंजिन गरम झाल्यानंतरही दाट पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास असला आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी घटत असली, तर गाडी ‘पाणी खात’ आहे, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधली सीलची पट्टी) असते.

घाट चढताना गाडी तापते. रेडिएटर बदलूनही फरक पडलेला नाही. असे का होते?

कारण तापणे हे लक्षण आहे आणि रेडिएटर हे त्याच्या अनेक कारणांपैकी केवळ एक. गाडी केव्हा तापते याकडे नीट लक्ष दिले तर कारणाची दिशा कळते. गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर धावू लागली की काटा खाली येतो, असे असेल तर रेडिएटरचा पंखा, त्याचा रिले किंवा तापमानाचा सेन्सर पाहावा, कारण धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो आणि उभ्या गाडीला फक्त पंख्याचा आधार असतो. याउलट गावात ठीक चालते पण आंबा घाटात किंवा कशेडीच्या चढावर तापते, तर पाणी पुरेसे फिरत नाही असे समजून थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी झडप), वॉटर पंप आणि आतून चोंदलेला रेडिएटर या क्रमाने तपासावे. चालू केल्यापासून दहा मिनिटांत तापत असेल आणि कूलंटच्या बाटलीत सारखे बुडबुडे येत असतील तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरत आहे. तेथे हेड गॅस्केट तपासल्याशिवाय इतर कशावरही पैसे घालू नयेत.

आपल्याकडे या बिघाडाचे एक कारण फार सर्रास आढळते आणि त्याविषयी पुरेसे बोलले जात नाही. रेडिएटरमध्ये बोअरवेलचे किंवा विहिरीचे पाणी भरले जाते. त्या पाण्यातील क्षार ज्या रीतीने बंबाच्या आत थर धरतात त्याच रीतीने रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये थर धरतात, आणि गंजरोधक कूलंट नसल्याने आतला धातूही खराब होतो. जुनी गाडी पाहताना इंजिन पूर्ण थंड असल्याची खात्री करून कूलंटच्या बाटलीत डोकावावे. स्वच्छ हिरवा, गुलाबी किंवा निळा रंग असावा. तांबूस गढूळ पाणी दिसले तर पूर्वीच्या मालकाने गाडी कशी सांभाळली याचे उत्तर तेथेच मिळते.

घाटात काटा वर चढू लागला तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण चालू करावा, कारण तो इंजिनातील उष्णता ओढून घेतो, आणि सुरक्षित जागा मिळताच थांबावे. रेडिएटरचे झाकण तापलेल्या अवस्थेत कधीही उघडू नये. आत दाबाखाली असलेले उकळते पाणी तोंडावर उडून माणसे गंभीर भाजतात. किमान अर्धा तास वाट पाहावी.

सकाळी गाडी चालू होत नाही. बॅटरीच बदलावी का?

आधी मोजावे, मग बदलावे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट भरतो आणि इंजिन चालू असताना तो साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान असावा. चालू इंजिनवर मीटर १२.५ च्या आसपासच घुटमळत असेल तर अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी भरणारे जनित्र) चार्जिंग देत नाही आणि नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल.

मीटर जवळ नसला तर कान वापरावा. चावी फिरवल्यावर टकटकटक असा जलद आवाज येऊन दिवे मंद झाले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहेत. एकच जोराचा ‘टक’ आवाज आला आणि दिवे प्रखर राहिले तर सेल्फ पाहावा. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, तर प्रश्न इंधनाचा, स्पार्कचा किंवा चावी न ओळखणाऱ्या इमोबिलायझरचा आहे आणि बॅटरीचा त्याच्याशी संबंध नाही.

आमच्या घरच्या गाडीला एका गॅरेजात वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलून मिळाल्या होत्या. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा शेजारच्या वयस्कर वायरमनने बॅटरीकडे पाहिलेच नाही. त्यांनी बॅटरीच्या ऋण टोकापासून बॉडीला जोडलेली जाड अर्थिंगची वायर बोटांनी हलवली. तिच्या टोकाला हिरवट भुकटी जमली होती आणि बोल्टखालचा पत्रा गंजला होता. पॉलिश पेपरने जागा घासून, बोल्ट घट्ट करून त्यांनी चावी फिरवायला सांगितली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. तेव्हापासून मी कोणालाही सांगतो की महागडा भाग बदलण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या जोडण्या साफ करून पाहाव्यात.

गाडी चालवून पाहताना कोणत्या आवाजांकडे लक्ष द्यावे?

रेडिओ आणि एसी बंद करावा, काचा खाली घ्याव्यात आणि शक्य तर एका बाजूला भिंत किंवा कठडा असलेल्या रस्त्याने हळू जावे, म्हणजे आवाज परतून ऐकू येतो. लहान खड्ड्यांवर पुढून खडखड आली तर लिंक रॉड किंवा बुश झिजलेले असतात. हे काम फार खर्चाचे नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू पुढे जाताना कटकट आवाज आला तर एक्सलचा जॉइंट गेलेला असतो. वेगाबरोबर वाढणारी घुंईईई अशी घरघर, जी क्लच दाबूनही थांबत नाही, ती चाकाच्या बेअरिंगची किंवा असमान झिजलेल्या टायरची असते. ब्रेक दाबताना स्टेअरिंग थरथरले तर ब्रेकच्या डिस्क एकसारख्या राहिलेल्या नाहीत. ब्रेकचे पेडल स्पंजासारखे लागत असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर ती गाडी त्या अवस्थेत रस्त्यावर आणूच नये.

क्लच प्लेट संपत आली आहे हे कसे ओळखावे?

मोकळ्या सपाट रस्त्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये कमी वेगाने जात असताना ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबावा. इंजिनचा आवाज झपाट्याने वाढला पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर प्लेट घसरत आहे. जळक्या अस्तराचा वास हीदेखील खूण आहे. क्लचचा खर्च किमतीतून वजा करून घेता येतो, म्हणून केवळ यासाठी चांगली गाडी सोडू नये.

डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागत नाही, म्हणजे इंजिन ठीक आहे असे समजावे का?

नाही. चावी पहिल्यांदा फिरवल्यावर, इंजिन चालू होण्यापूर्वी, हा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केला असण्याची शक्यता आहे. एअरबॅगच्या दिव्यालाही हीच कसोटी लावावी. अपघातात एअरबॅग फुटल्यानंतर नवी न बसवता केवळ दिवा बंद करण्याचे प्रकार घडतात आणि त्याची किंमत पुढच्या मालकाच्या जिवावर बेतू शकते.

स्टेअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडून साठलेले कोड वाचता येतात. मात्र कोड आदल्या दिवशी पुसलेले असू शकतात. बऱ्याच स्कॅनरवर गाडीच्या स्वयंतपासण्या पूर्ण झाल्या आहेत की नाहीत हेही दिसते. त्यांतील अनेक ‘अपूर्ण’ दिसल्या तर कोड नुकतेच पुसले गेले किंवा बॅटरी नुकतीच काढली होती असे समजावे आणि कारण विचारावे. शिवाय कोड म्हणजे निदान नव्हे. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच खराब आहे असे ठरत नाही. सायलेन्सरच्या पाइपला पडलेल्या भोकातून बाहेरची हवा आत आली तरी तोच कोड येऊ शकतो.

पिवळा दिवा लागला तर लवकरात लवकर तपासणी करावी. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा धावत्या गाडीत लागला तर ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ असा विचार न करता त्याच ठिकाणी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, कारण ऑइलच्या दाबाविना काही मिनिटांतच इंजिन जाम होऊ शकते.

मीटर मागे फिरवलेला आहे का, हे कळू शकते का?

मीटर इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून तो खरा, असे मानण्याचे कारण नाही. वर्षाला १२,००० किलोमीटर धरले तरी ८ वर्षांत ९६,००० होतात. त्याच वयाची गाडी ३५,००० दाखवत असेल तर ती खरोखर कमी चालली असल्याचा पुरावा मागावा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नोंदी नंबरानुसार साठवलेल्या असतात आणि मालकाने सोबत येऊन विचारल्यास प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचे किलोमीटर समजतात. मालक यासाठी तयार होत नसेल तर तेही एक उत्तरच आहे. ब्रेक आणि क्लचच्या पेडलांचे रबर, स्टेअरिंगची गुळगुळीत झालेली कड, चालकाच्या सीटची दबलेली बाजू यांचे वय मीटरशी जुळले पाहिजे. टायरच्या बाजूवरील चार अंकी खूण वाचावी: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील टायर. २०२१ च्या गाडीला २०२४ चे चारही टायर असतील आणि मीटर २०,००० दाखवत असेल, तर पहिले टायर इतक्या लवकर कसे संपले हे विचारावे.

पुरात बुडालेली गाडी कशी ओळखावी?

हा प्रश्न महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा, ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन, वाळवून, आतले कापड बदलून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जाऊ शकतात आणि वरवर पाहता त्या चकाचक दिसतात.

पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढावा. वरचा हातभर भाग रोज वापरात असतो आणि तो धुतलेला असतो, पण गुंडाळीच्या अगदी आतला भाग सहसा कोणी धूत नाही. एका ओळखीच्या कुटुंबासाठी गाडी पाहताना मी असा पट्टा ओढला, तर शेवटच्या वीतभर भागावर मातकट रंगाची सरळ रेष होती आणि बोटाला बारीक, मैद्यासारखा गाळ लागला. गाडीला मोगऱ्याचा सुगंध येत होता आणि सीट कव्हर कोरे होते. त्या कुटुंबाने इसाराची रक्कम खिशातून काढली होती. ती तशीच परत ठेवली.

याशिवाय सीटखालच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खळग्यातील गाळ, हेडलाइटच्या आत साठलेली ओल, गालिच्याखालच्या फोमचा कुबट वास आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांवरील हिरवट थर पाहावा. बुडालेल्या गाडीचे इंजिन दुरुस्त होते, पण वायरिंग आणि कंट्रोल युनिट पुढे अनेक महिने एकेक करून त्रास देत राहतात. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अपघात झालेली गाडी घ्यावी का?

बंपर, दरवाजा किंवा फेंडर बदललेला असणे हा मोठा दोष नाही. आपल्या रस्त्यांवर आठ-दहा वर्षे चाललेल्या गाडीला ओरखडा नसणेच दुर्मीळ. प्रश्न सांगाड्याचा आहे. बॉनेट उघडून त्याच्या बिजागरीच्या आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का, दोन्ही बाजूंचे ॲप्रन (इंजिनच्या बाजूचे आतले पत्रे) सारखे दिसतात का आणि दरवाजाचे रबर बाजूला केल्यावर पिलरवरच्या (छताला आधार देणाऱ्या खांबावरच्या) कंपनीच्या गोल वेल्डिंगच्या खुणा ठरावीक अंतरावर आहेत का, हे पाहावे. एका बाजूला त्या खुणा नसून लांबीचा (पुट्टीचा) थर असेल तर पिलर कापून जोडला आहे. सर्व काचांवरील निर्मितीच्या खुणा एकाच सुमाराच्या आहेत का हेही पाहावे. पिलर, ॲप्रन किंवा चॅसिसला मार बसलेली गाडी टाळावी, कारण पुढच्या अपघातात तो जोड प्रवाशांना किती वाचवील याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

कोकणातील किंवा गोव्यातील गाडी टाळावी का?

सरसकट टाळू नये, पण रॅम्पवर चढवून खालून पाहिल्याशिवाय घेऊ नये. खाऱ्या हवेने ब्रेकचे पाइप, सस्पेन्शनची बैठक आणि दरवाजांची खालची कड आधी गंजते.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

महिन्याला किती आणि कोठे चालवणार यावर हे ठरते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकानंतरच्या डिझेल गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून हमरस्त्यावर सलग वेगाने चालावी लागते. रोज चार किलोमीटरची शाळा-बाजार फेरी करणाऱ्या घरात हा फिल्टर चोंदतो आणि तो बदलणे महाग पडते. अशा घराने पेट्रोल घ्यावे. सीएनजी गाडी घेताना किटची नोंद आरसीवर आहे का आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी करावयाची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाली आहे का, हे पाहावे. नोंद नसलेल्या किटमुळे विम्याचा दावा अडतो आणि चाचणी नसलेला सिलिंडर धोकादायक असतो.

दिल्लीच्या स्वस्त गाड्यांचे काय?

राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ आणि २०१५ मध्ये दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवले, आणि तेथील मुदत संपत आलेल्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. अशी गाडी घेताना मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रात भरावा लागणारा कर आणि नव्या नोंदणीचा खर्च किमतीत मिळवून मगच तुलना करावी. बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ गाडी येथे ठेवायची असेल तर येथील नोंदणी क्रमांक घ्यावाच लागतो.

कोणती कागदपत्रे पाहावीत आणि गाडी नावावर केव्हा करावी?

आरसीवरील इंजिन व चॅसिस क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः पडताळावेत. फोटोवर विसंबू नये. वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा दिसतो, तर ई-चलनाच्या पोर्टलवर थकीत दंड दिसतो. बोजा असेल तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, आणि गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत जाणार असल्यास त्याबरोबर फॉर्म २८. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचा खर्च येतो, म्हणून चौदाव्या वर्षातील गाडीचा भाव त्या हिशेबाने करावा.

मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. ‘सावकाश करू’ म्हणून सह्या केलेले कोरे फॉर्म देणे विकणाऱ्यासाठी घातक आहे. कागदोपत्री नाव बदललेले नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. गाडी व्यापाऱ्याच्या हवाली करत असाल तर एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार अधिकृत व्यापाऱ्याला ती सोपवल्याची आरटीओकडे ऑनलाइन नोंद करता येते. ती करून घ्यावी.

जुन्या मालकाचा विमा आणि नो क्लेम बोनस मला मिळतो का?

पॉलिसी आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा. बोनस मात्र माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. तो विकणाऱ्याकडे राहतो आणि आपल्याला त्याइतका फरक भरावा लागतो. पूर्वी मोठा दावा झाला होता का, हेही मालकामार्फत त्याच वेळी विचारून घ्यावे.

गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात काय करावे?

पूर्वीच्या मालकाने ‘नुकतेच बदलले’ असे सांगितले तरी बिल नसेल तर इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलावे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि घाट उतरताना तापून ब्रेक सोडू शकते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलतात. इंजिनला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा) असेल आणि तो बदलल्याचा पुरावा नसेल तर तोही लगेच बदलावा. धावत्या गाडीत तो तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली असेल तर पावसाळ्याची वाट पाहू नये. आणि एक साधी वही गाडीत ठेवून तिच्यात तारीख, किलोमीटर, केलेले काम आणि भरलेले ऑइल लिहावे. दर रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, डिपस्टिक काढून ऑइलची आणि बाटलीतील कूलंटची पातळी त्याच वहीत नोंदवावी, म्हणजे गाडी ऑइल किंवा पाणी खाऊ लागली तर ते लाल दिवा लागण्याच्या कितीतरी आधी आपल्याला समजेल.